घरी ड्रम रेकॉर्ड करायला आठ चॅनेलचा प्रीॲम्प घेतला, त्याची गोष्ट

माझ्याकडे स्कारलेट १८आय८ होता, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडायचा इंटरफेस, अजूनही तोच आहे, त्यात माइकचे प्रीॲम्प, म्हणजे माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारे भाग, चार. चार माइकवर ड्रम होतात, अगदी छान होतात, दोन वर्षं मी तेच केलंय. किकला, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला एक, स्नेअरला, म्हणजे समोरच्या चरचरीत आवाजाच्या ड्रमला एक आणि वर दोन ओव्हरहेड. ओव्हरहेड लावताना दोरी घ्यायची, एक टोक स्नेअरच्या मधोमध अंगठ्याने दाबून धरायचं आणि दुसरं टोक आधी एका माइकला मग दुसऱ्याला टेकवून बघायचं, दोन्हीकडे दोरी सारखीच ताणली गेली की स्नेअरचा आवाज दोन्ही माइकवर एकाच वेळी पोचतो आणि हेडफोनमध्ये स्नेअर बरोब्बर मध्ये उभा राहतो. एवढं नीट केलं तर किट फार खरं ऐकू येतं.

अडकलो टॉमवर. आमच्या बँडच्या दोन नव्या गाण्यांचं सगळं अंग फ्लोअर टॉमवर आहे, हाय-हॅट जवळपास नाहीच, आणि माझी खोली म्हणजे सिंहगड रोडला रो हाउसची वरची खोली, ११ बाय १२ फूट, छत साडेनऊ फुटांवर. ओव्हरहेड फार वर नेता येत नाहीत, त्यामुळे त्यांच्यात सिंबल भरपूर येतं आणि फ्लोअर टॉम म्हणजे पुठ्ठ्याच्या खोक्यावर थाप मारल्यासारखा. मिक्समध्ये कितीही ईक्यू केला तरी जे माइकमध्ये आलंच नाही ते कुठून आणणार. तर टॉमना स्वतःचे माइक पाहिजेत, मग स्नेअरला खालून पण एक पाहिजे, किकला आतून आणि बाहेरून पाहिजे, असं करत करत मोजलं तर अकरा माइक झाले, आणि प्रीॲम्प चार.

पहिला विचार साधा होता, १८आय८ विकायचा आणि १८आय२० घ्यायचा, त्यात आठ प्रीॲम्प आहेत. पण आठच. अकरा माइकला आठ पुरत नाहीत. मग एकदा रात्री इंटरफेस उचलून मागची बाजू बघत होतो तर तिथे ते छोटं चौकोनी ऑप्टिकल इनपुट, दोन वर्षांत त्याला हातही लावला नव्हता. १८आय८ मधला १८ हा आकडा त्याच्याच जोरावर आहे, आठ ॲनालॉग, दोन एसपीडीआयएफ या दुसऱ्या डिजिटल इनपुटमधून आणि आठ या ऑप्टिकलमधून. म्हणजे बाहेरून आठ चॅनेलचा प्रीॲम्प आणून एका काडीएवढ्या वायरने जोडला की चार अधिक आठ, बारा माइक. विकायची काही गरज नाही.

या ऑप्टिकल जोडणीला एडॅट म्हणतात, आणि तो इतिहास मला फार आवडतो. अलेसिस कंपनीने १९९१ साली एक मशिन जाहीर केलं, एस-व्हीएचएसच्या कॅसेटवर आठ ट्रॅक डिजिटल रेकॉर्ड करणारं, एडॅट नावाचं. मशिनं गेली, कॅसेटी गेल्या, पण एका मशिनमधून दुसऱ्या मशिनमध्ये आठ चॅनेल प्रकाशाने पाठवायची जी पद्धत त्यांनी काढली ती तशीच राहिली आणि आज सगळ्या कंपन्या वापरतात. वायर म्हणजे टीव्हीपासून साउंडबारला जाते तीच टॉसलिंक. ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झला आठ चॅनेल जातात, ८८.२ किंवा ९६ ला गेलात तर त्याच वायरमधून चारच. मी ४८ वरच राहायचं ठरवलं, कारण मला चॅनेल हवे होते, आणि फाइलचं वजन पण बघा, ४८ किलोहर्ट्झ २४ बिटला एक चॅनेल मिनिटाला ८.६४ एमबी, बारा चॅनेल म्हणजे मिनिटाला १०० एमबीच्या वर, चार मिनिटांचं गाणं एका टेकला ४०० एमबी खातं आणि आम्ही एका गाण्याचे आठ-दहा टेक सहज घेतो.

आता कुठला घ्यायचा. महिनाभर मी रोज रात्री हेडफोन लावून तुलना ऐकत बसायचो, हा प्रीॲम्प विरुद्ध तो प्रीॲम्प. मनात बसला होता ऑडियंटचा एएसपी८००, त्याच्या पहिल्या दोन चॅनेलना आवाजाला रंग द्यायची दोन वेगळी नॉब आहेत, एचएमएक्स आणि आयर्न, किक आणि स्नेअर त्यातून घ्यायचं स्वप्न बघत होतो. बजेटच्या दुसऱ्या टोकाला बेहरिंगरचा एडीए८२००, त्यातले आठही प्रीॲम्प मायडासच्या डिझाइनचे. मधे स्कारलेटचाच ऑक्टोप्री. एका मित्राने बेहरिंगरचाच एक्सआर१८ डिजिटल मिक्सर सुचवला, १६ माइक प्रीॲम्प, यूएसबीवरून १८ चॅनेल थेट लॅपटॉपमध्ये, लाइव्हला पण चालतो. ज्याच्याकडे काहीच नाही आणि बँड बाहेर वाजवतो त्याने सरळ तोच घ्यावा असं माझं अजूनही मत आहे. पण त्याला ऑप्टिकल नाही, म्हणजे माझा इंटरफेस बाजूला पडला असता आणि मला त्याची सवय आहे.

या सगळ्यात डोकं जागेवर आणलं ते आमच्या ओळखीच्या साउंडवाल्या दादाने. नाटकं, ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, तीस वर्षं कन्सोलमागे उभे आहेत. त्यांना म्हटलं, दादा, प्रीॲम्प घ्यायचाय, ऑडियंट घेऊ का, थोडे थांबून पैसे जमवतो. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "स्नेअरला गेन कितीवर असतो रे तुझा?"

गेन म्हणजे प्रीॲम्प माइकचा सिग्नल किती वाढवतो ते. मला सांगताच येईना. म्हटलं घरी जाऊन बघतो.

घरी येऊन बघितलं. स्नेअरला एसएम५७ माइक, आणि नॉब जवळजवळ खालीच, सुरुवातीच्या खुणेपासून दोन बोटं पुढे. किकला डी११२, तो त्याच्याही मागे. दोन वर्षं रोज वापरत होतो आणि याकडे असं कधी बघितलंच नव्हतं. दादाला फोन केला तर म्हणाले, "मग तूच सांग, जो प्रीॲम्प तू चालवतच नाहीस त्याच्या आवाजाला पैसे का घालायचे? ड्रमला गेन लागतोच कुठं. ड्रमला लागते जागा. वर किती मोकळी जागा आहे ते बघ."

त्या रात्री मी वही घेऊन आकडे मांडले, कारण मला ते समजून घ्यायचं होतं, नुसतं ऐकून सोडायचं नव्हतं. एसएम५७ ला एक पास्कल दाब म्हणजे ९४ डीबीचा आवाज मिळाला तर तो साधारण १.६ मिलिव्होल्ट देतो. स्नेअरच्या कडेपासून दोन इंचांवर जोरात रिमशॉट मारला आणि पीक १३० डीबीच्या आसपास धरलं तर ते ९४ पेक्षा ३६ डीबी जास्त, म्हणजे दाब सुमारे ६३ पट, म्हणजे माइकमधून जवळजवळ १०० मिलिव्होल्ट. स्टुडिओतलं लाइन लेव्हल, म्हणजे प्रीॲम्पने सिग्नल जिथवर न्यायचा ती पातळी, १.२३ व्होल्ट. १०० मिलिव्होल्टवरून तिथे जायला २२ डीबी पुरतात. आता तोच माइक समोर ठेवून कोणी हळू बोललं, ७० डीबीच्या आसपास, तर पाव मिलिव्होल्टसुद्धा येत नाही आणि तिथे ६० डीबी गेन लावूनही कमी पडतो. प्रीॲम्पची खरी परीक्षा तिथे असते, हळू आवाज, भरपूर गेन, आणि मागे येणारी सळसळ. स्पेकमध्ये जो ईआयएन नावाचा आकडा असतो, उणे १२८ वगैरे, तो त्या सळसळीचा. १५० ओहमच्या माइकला निसर्गाचीच मर्यादा उणे १३१ च्या आसपास आहे, त्यामुळे उणे १२७ आणि उणे १२९ मधला फरक ड्रमवर ऐकू येईल हे शक्यच नाही, माझ्या खोलीत लांबून येणारा रिक्षाचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो.

मग मी मॅन्युअल परत वाचायला घेतली आणि या वेळी वेगळे आकडे शोधले. कमीत कमी गेन किती, म्हणजे नॉब पूर्ण खाली केल्यावर पण किती गेन उरतो. क्लिप व्हायच्या, म्हणजे आवाज फाटायच्या आधी किती मोठा सिग्नल पोटात घेतो. पॅड, म्हणजे आत येणारा सिग्नल आधीच कमी करणारं बटण, आहे का, आणि प्रत्येक चॅनेलला वेगळा आहे का. ड्रमसाठी घेणाऱ्याने आधी हे तीन बघावेत असं मला मनापासून वाटतं, कारण वर जागा नसेल तर बाकी कितीही गोड आवाज असो, शेवटच्या कोरसमध्ये ड्रमर जोशात आला की सगळे टेक फाटतात. आणि ड्रमर साउंडचेकला वाजवतो त्यापेक्षा टेकला जोरात वाजवतो. मी स्वतः ड्रमर आहे, मी पण तेच करतो.

तरी मनातला ऑडियंट जात नव्हता. म्हणून एक प्रयोग केला, तो सांगतो कारण त्यानेच निर्णय झाला. कोथरूडच्या एका ओळखीच्या स्टुडिओतून दोन चॅनेलचा एक भारीतला प्रीॲम्प दोन दिवसांसाठी आणला. दोन एसएम५७ एकमेकांना कागदी टेपने बांधले, जाळ्या अगदी एका रेषेत, आणि तो जोड स्नेअरवर लावला. एक माइक माझ्या इंटरफेसमध्ये, दुसरा भारीतल्या प्रीॲम्पमध्ये. पाच मिनिटं वाजवलं, मग वायरी अदलाबदल करून परत पाच मिनिटं, म्हणजे माइकमाइकचा फरक असेल तर कळावा. नंतर लॅपटॉपवर दोन्हीची लेव्हल अर्ध्या डीबीच्या आत जुळवली, हे फार महत्त्वाचं, कारण जो जरा मोठा असतो तो कानाला चांगलाच वाटतो. बायको गाते, तिचा कान माझ्यापेक्षा बारीक आहे, तिला नाव न सांगता वीस वेळा ऐकवलं. तिला फरक पकडता आला नाही, मला पण नाही. मग मी सहज माइकचा जोड स्नेअरच्या कडेकडून दोन बोटं आत सरकवला आणि परत रेकॉर्ड केलं तर ती पहिल्याच ठोक्याला म्हणाली, हा वेगळा आहे. दोन बोटं! मी महिनाभर जो फरक प्रीॲम्पमध्ये शोधत होतो त्याच्या दहापट फरक स्टँडच्या स्क्रूमध्ये होता.

ओव्हरहेडवर थोडा फरक वाटला, सिंबलची शेपूट जरा मऊ. पण तोही लेव्हल जुळवल्यावर इतका बारीक की गाण्यात विरून जाईल. यावरून भारीतले प्रीॲम्प उगाच असतात असं मी म्हणणार नाही, तानपुरा किंवा सतार लांबून घ्यायची असेल किंवा कोणी अगदी हळू गात असेल तर मी आजही तोच मागून आणेन.

मग स्वस्तातला घ्यायचं पक्कं झालं आणि म्हटलं सेकंडहँड बघू. चिंचवडला एकाकडे एक आठ चॅनेलचा प्रीॲम्प होता, कंपनी सांगत नाही, कारण वापरलेल्या मशिनच्या अवस्थेवरून कंपनीला जोखणं बरोबर नाही. मी सोबत लॅपटॉप, इंटरफेस, एक एसएम५७, एक चांगली वायर आणि मल्टिमीटर घेऊन गेलो. सेकंडहँड घेणाऱ्यांनी हे नक्की करा, विकणारा ओळखीचा असला तरी. आधी एकच माइक एकच वायर, आठही चॅनेलमध्ये पाळीपाळीने, आणि प्रत्येक नॉब सावकाश खालून वरपर्यंत. सहाव्या चॅनेलला नॉब अर्ध्यावर आला की खरखर, जुन्या रेडिओचं बटण फिरवल्यासारखी. नॉबमध्ये कचरा असेल तर स्प्रेने जातो, त्यामुळे तेवढ्यावर मी नाही म्हटलं नसतं.

मग फॅन्टम. फॅन्टम म्हणजे कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्ट, प्रीॲम्पमधूनच वायरने जातात. मल्टिमीटर डीसीवर ठेवायचा, काळी सुई एक्सएलआरच्या एक नंबर पिनला, लाल सुई आधी दोन नंबरला मग तीन नंबरला. ४४ ते ५२ च्या मध्ये कुठेही असेल तर ठीक, प्रमाणच ४८ ला चार कमी-जास्त असं आहे. पहिले चार चॅनेल ४७ च्या आसपास आले आणि पुढचे चार ३९, दोन्ही पिनांवर. म्हणजे आत कुठेतरी सप्लायची बाजू खचत चाललेली. विकणारा मुलगा प्रामाणिक होता, त्याला खरंच माहीत नव्हतं, तो किंमत कमी करायला तयार झाला पण मी नको म्हटलं, कारण आज ३९ आहे ते सहा महिन्यांनी किती असेल कोणी सांगावं. त्याला मल्टिमीटरचे आकडे लिहून दिले, म्हटलं रिपेअरवाल्याला हे दाखव, त्याचं काम सोपं होईल.

फॅन्टमवरूनच मग शेवटची गाठ सुटली. एडीए८२०० ला आठही चॅनेलचं फॅन्टम एकाच बटणावर आहे, लावलं तर सगळ्यांना, नाही तर कोणालाच नाही. मी आधी याच एका गोष्टीमुळे तो यादीतून काढला होता. म्हणजे साध्या डायनॅमिक, म्हणजे फॅन्टम न लागणाऱ्या माइकला चांगल्या वायरीतून फॅन्टम गेलं तर काही होत नाही, एसएम५७ ला त्याने फरक पडत नाही, पण माझ्याकडे एका मित्राचा रिबन माइक अधूनमधून असतो आणि एखादी वायर आतून शॉर्ट असली तर रिबनची पट्टी जाऊ शकते, ती भीती होती. एका सकाळी चहा घेताना कागदावर माइकची यादी परत लिहिली आणि या वेळी दोन रकाने केले, कंडेन्सर आणि डायनॅमिक. कंडेन्सरमध्ये आले दोन ओव्हरहेड, एक खोलीचा आणि एक हाय-हॅटचा. चार. डायनॅमिकमध्ये किक आत, किक बाहेर, स्नेअर वर, स्नेअर खाली, दोन रॅक टॉम, एक फ्लोअर टॉम. सात.

चार कंडेन्सर, आणि माझ्या इंटरफेसमध्ये प्रीॲम्प चार! सगळे कंडेन्सर इंटरफेसमध्ये, तिथे फॅन्टम चालू. सगळे डायनॅमिक बाहेरच्या आठमध्ये, तिथलं फॅन्टम कायम बंद. ज्या बटणामुळे मी तो नाकारला होता त्या बटणाला मला हातच लावायचा नव्हता. आणि ज्यांना जरा नाजूक वागणूक लागते ते माइक ओळखीच्या प्रीॲम्पवर राहिले, ज्यांना गेनच लागत नाही ते नव्यावर. त्याच दिवशी एडीए८२०० ऑर्डर केला, नवा, बिलासकट. उरलेल्या पैशातून टॉमसाठी तीन सेनहायझर ई६०४ घेतले, ते रिमला क्लिप होतात, स्टँड लागत नाहीत, ११ बाय १२ च्या खोलीत ही फार मोठी सोय आहे.

ऑप्टिकल वायर तपकीर गल्लीतून आणली, दोन मीटर. दुकानदार काकांनी विचारलं टीव्हीला का, म्हटलं नाही ड्रमला, तर त्यांनी वायर कशी गोल ठेवायची ते दाखवलं, तीक्ष्ण घडी घालायची नाही, आतला तंतू मोडतो. हे मला माहीत नव्हतं.

जोडलं, पहिल्या रात्री आठही चॅनेल दिसले, आवाज आला, आणि दर थोड्या वेळाने एक बारीक टिक. कधी दोन सेकंदांनी, कधी पाच. वायर काढली, पुसली, परत लावली, यूएसबी बदलली, लॅपटॉपचं वायफाय बंद केलं, टिक तसंच. हा प्रकार घड्याळाचा होता आणि ज्याने कोणी पहिल्यांदा एडॅट लावलंय त्याला हा भेटतोच. प्रत्येक डिजिटल मशिनमध्ये स्वतःचं घड्याळ असतं, ते सेकंदाला ४८,००० वेळा ठोका देतं. दोन मशिनांची दोन घड्याळं कधीच अगदी सारखी नसतात, दहा लाखात वीसचा फरक असला तरी सेकंदाला जवळजवळ एक सॅम्पल पुढेमागे होतो, आणि असा एखादा सॅम्पल निसटला की टिक ऐकू येतं. आपल्याकडे तबला आणि पखवाज दोघांनी आपापली लय धरली तर काय होईल तसंच. लय एकानेच द्यायची, दुसऱ्याने ती धरायची.

१८आय८ ला ऑप्टिकल फक्त आत येतं, बाहेर जात नाही. म्हणजे इंटरफेस आपली लय प्रीॲम्पला देऊच शकत नाही, त्यामुळे लय प्रीॲम्पनेच द्यायची. प्रीॲम्पच्या मागचा स्विच अंतर्गत ४८ वर, आणि लॅपटॉपवर इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये क्लॉक सोर्स इंटर्नलवरून एडॅटवर. लॉक झाल्याचं दिसलं, टिक गेलं, परत कधी आलं नाही. एक लक्षात ठेवायचं, आता प्रीॲम्प बंद असेल तर इंटरफेसला लयच मिळत नाही, म्हणून आधी प्रीॲम्प चालू करायचा, मग बाकीचं. ड्रम नसतानाही साधं गाणं ऐकायचं असेल तर क्लॉक परत इंटर्नलवर आणावं लागतं.

दुसरी बारीक गोष्ट. बाहेरच्या प्रीॲम्पचा कन्व्हर्टर वेगळा आणि इंटरफेसचा वेगळा, दोघांना आवाजाचं डिजिटल करायला लागणारा वेळ अगदी सारखा नसतो. मी परत ते दोन बांधलेले ५७ काढले, एक इकडे एक तिकडे, आणि रिमवर काठीचा एकच ठोका. स्क्रीनवर मोठं करून बघितलं तर दोन शिखरांत थोड्या सॅम्पलचं अंतर होतं. ४८ किलोहर्ट्झला ४८ सॅम्पल म्हणजे एक मिलिसेकंद, तेवढ्यात आवाज ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे १४ सॅम्पल म्हणजे माइक दहा सेंटिमीटर हलवल्यासारखं. ओव्हरहेड तसेही स्नेअरपासून साडेतीन फुटांवर आहेत त्यामुळे यात घाबरण्यासारखं काही नाही, पण दोरी लावून मोजणाऱ्या माणसाला ते राहवत नाही. मी तो फरक एकदा मोजून वहीत लिहिला आणि आता सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या एडॅट ट्रॅकना तेवढा सरकवतो, एका टेम्प्लेटमध्ये सेव्ह आहे.

स्नेअरच्या खालच्या माइकची फेज, म्हणजे सिग्नलची वर-खाली दिशा, उलटी करायची, हे मात्र विसरू नका. वरची काठी पडली की वरचं कातडं माइकपासून दूर जातं आणि खालचं कातडं खालच्या माइकच्या दिशेने येतं, दोघं उलट सुलट. बटण दाबलं की स्नेअरला पोट येतं, एकदम जाणवतं. एडीए८२०० वर ते बटण नाही, मी सॉफ्टवेअरमध्येच करतो.

हम् आला त्याचंही सांगतो, कारण त्यात दोन दिवस गेले आणि तो विषय जिवाचा आहे. नवीन बॉक्स लावल्यावर सगळ्या चॅनेलवर घूं असा बारीक आवाज, आणि रॅकच्या पत्र्याला उलटा हात लावला की मुंग्या. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, त्याने टेस्ट लॅम्प फेज आणि अर्थमध्ये लावला तर पेटलाच नाही. वरच्या मजल्याच्या पॉइंटला तीन भोकं होती पण अर्थची वायर आत कुठे जोडलेलीच नव्हती. त्याने खालच्या बोर्डापासून नवी अर्थ ओढली, दोन तासांचं काम. घूं गेला, मुंग्या गेल्या. काहीजण असा हम् घालवायला प्लगची तिसरी पिन काढून टाकतात, कृपया असं करू नका, ती पिन हम्साठी नसते, आपल्यासाठी असते. सगळी उपकरणं आता एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत, लॅपटॉपसुद्धा.

खोलीसाठी पिंजाऱ्याकडून दोन जुन्या कापसाच्या गाद्या पिंजून घेतल्या आणि ड्रमच्या मागच्या भिंतीला उभ्या केल्या, एक पातळ गादी सिंबलच्या वर छताला टांगली. ओव्हरहेडमध्ये जो फरक या गाद्यांनी पडला तो कुठल्याही प्रीॲम्पने पडला नसता. आईने गोधड्या पण दिल्या होत्या, त्या दारावर आहेत, त्यांनी वरचा चरचरीत भाग थोडा कमी होतो, खालचं काही होत नाही.

रेकॉर्डिंगची वेळ सकाळी अकरा ते एक. दुपारी शेजारच्या काकू आणि काका झोपतात, त्यांना मी शब्द दिलाय. संध्याकाळी जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोल पथकांचा सराव सुरू होतो आणि वारा तिकडून असला तर खोलीच्या माइकमध्ये तो सरळ येतो, एका टेकच्या शांत भागात मला मागे लांबून ताशा ऐकू आला. तो टेक मी पुसला नाही, पण गाण्यात वापरता आला नाही.

आता सेट झालंय ते असं. प्रीॲम्पच्या प्रत्येक नॉबभोवती पांढरी कागदी टेप, त्यावर पेनाने रेघ, कुठल्या गाण्याला कुठे. या नॉबना मधे खटके नाहीत, त्यामुळे रेघ नसेल तर दुसऱ्या दिवशी तीच जागा सापडत नाही. दोन रॅक टॉमच्या रेघा सारख्या नाहीत, कारण दोन चॅनेलचे नॉब एकाच खुणेवर असले तरी गेन अगदी सारखा नसतो, मी इंटरफेसच्या आउटपुटमधून एक टोन आठही चॅनेलमध्ये पाळीपाळीने देऊन ते जुळवलंय. सगळ्यात मोठ्या ठोक्याला मीटर उणे १२ च्या वर जाऊ देत नाही, २४ बिटमध्ये तेवढी जागा सोडली तर काही बिघडत नाही. फ्लोअर टॉम पहिल्यांदा स्वतःच्या माइकमधून ऐकला तेव्हा मी टेक थांबवून नुसता तोच पाच मिनिटं वाजवत बसलो होतो, बायको वर आली बघायला की झालं काय.

आठवा चॅनेल रिकामा आहे. सध्या त्यात बोलायचा माइक आहे, टेकच्या आधी गाण्याचं नाव आणि नंबर सांगायला. पुढच्या महिन्यात आमच्याकडे एक ढोलकीवाले येणार आहेत, शाईच्या बाजूला एक आणि धुमच्या बाजूला एक असे दोन माइक लागतील, एक या आठव्यात जाईल आणि दुसऱ्यासाठी स्नेअरच्या खालचा काढायचा की किकच्या बाहेरचा, ते अजून ठरत नाहीये.